सरळ रेषेचे समीकरण : ऐतिहासिक विकास

प्रतलातील सरळ रेषेवरील प्रत्येक बिंदूच्या सहनिर्देशकांमधील संबंध एकघाती समीकरणाने दर्शविता येतो. य-अक्षास समांतर नसलेल्या रेषेसाठी ते सामान्यतः य = मक्ष + क असे लिहितात. क्ष एकाने वाढला असता य जितक्याने बदलतो ती संख्या म, म्हणजे रेषेचा चढ होय. रेषा य-अक्षाला जेथे छेदते तेथील य-सहनिर्देशक क, याला अंतःखंड म्हणतात.

अशी समीकरणे रेषेशी जोडली जाण्यापूर्वी शेकडो वर्षे भारतात सोडविली जात होती. आर्यभट (पहिले) यांच्या आर्यभटीय (४९९) या ग्रंथात त्यासाठी कुट्टकाची रीत आहे. भास्कराचार्य (दुसरे) यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथात पुढील उदाहरण आढळते : २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळविले असता बेरजेस १९५ ने निःशेष भाग जातो? गुणक क्ष व भागाकार य मानल्यास २२१क्ष + ६५ = १९५य; १३ ने भागून १७क्ष + ५ = १५य. सर्वांत लहान उत्तर क्ष = ५, य = ६ हे आहे. गुणकात १५ व भागाकारात १७ मिळवीत गेल्यास (२०, २३), (३५, ४०) इ. पुढील उत्तरे मिळतात. ही रीतही लीलावतीत दिलेली आहे.

हेच बिंदू आलेखावर मांडल्यास ते एका सरळ रेषेवर येतात. तिचा चढ १७/१५ व अंतःखंड १/३ आहे. चढाचे अंश व छेद हेच उत्तरांमधील स्थिर अंतर होय. तथापि कुट्टकात पूर्णांकी उत्तरेच अभिप्रेत असल्याने १/३ या अंतःखंडास तेथे स्थान नव्हते. दोन उत्तरांमधील असंख्य बिंदूंचाही विचार नव्हता. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख असून त्यावरून या गणिताची परंपरा महाराष्ट्रात जपली जात होती असे दिसते.

समीकरण व वक्र यांची सांगड १७ व्या शतकात फ्रान्समध्ये घातली गेली. रने देकार्त यांचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन चलांचे एकघाती समीकरण सरळ रेषा दर्शविते, हे प्येअर द फेर्मा यांनी त्याच सुमारास स्पष्ट मांडले; पण त्यांचे लेखन मरणोत्तर, १६७९ मध्ये छापले गेले. दोघांच्याही मांडणीत ऋण सहनिर्देशक नव्हते. दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या, दिलेल्या चढाच्या रेषेचे समीकरण रूढ होण्यास १८ व्या शतकाच्या अखेरीस गास्पार माँझ यांचे कार्य कारणीभूत ठरले.

यावरून भास्कराचार्यांना वैश्लेषिक भूमितीचे जनक म्हणता येणार नाही. मात्र जे समीकरण पुढे रेषा म्हणून ओळखले गेले, त्याची पूर्णांकी उत्तरे व त्यांतील नियमितता त्यांना पूर्णपणे अवगत होती.