जुन्नरचा पाऊस आणि एका रशियन माणसाचा घोडा

मागच्या महिन्यात ऑफिसमधला एक मित्र मोरोक्कोला जाऊन आला. आल्यापासून त्याच्या तोंडी एकच नाव, फेझ. तिथल्या अरुंद गल्ल्या, कातडी कमावण्याचे हौद, त्यांचा तो उग्र वास, गाढवांवरून येणारा माल. पठ्ठ्या जाण्याआधी टायटस बुर्कहार्टचं फेझवरचं पुस्तक वाचून गेला होता. १९६० साली आलेलं पुस्तक, तरी गल्लीत शिरल्यावर ओळखीचं वाटलं म्हणे.

मग लंच टेबलवर त्याने मला विचारलं, "तुझं जुन्नर पण जुनंच आहे ना रे? त्याच्यावर आहे का असं पुस्तक?"

मी नेहमीची टेप लावली. शिवनेरी, महाराजांचा जन्म, १६३०...

"किल्ला नाही रे, गाव! लोक काय खायचे, पावसाळ्यात काय करायचे, बाजारात काय मिळायचं, असलं काहीतरी."

मी गप्प. अठरा वर्षं त्या गावात काढली आणि मला एका पुस्तकाचं नाव सांगता येईना. लेण्यांवर, किल्ल्यावर, नाण्यांवर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही जुन्नरवर पानंच्या पानं आहेत. पण त्याने विचारलं होतं ते वेगळं होतं. मग गेले तीन-चार वीकेंड हाच उद्योग केला. जे सापडलं ते सांगतो.

पहिला पाहुणा

जुन्नरचा पाऊस ज्याने लिहून ठेवला, तो रशियन होता. अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, हा त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी आपल्याकडे येऊन गेला. त्याच्यावर 'परदेसी' नावाचा हिंदी सिनेमाही आहे, १९५७ सालचा, नर्गिसचा.

निकितिन होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला, तो एक घोडा घेऊन. आपल्याकडे चांगले घोडे पैदा होत नाहीत, समुद्रापलीकडून आणले की सोन्याचा भाव येतो, एवढा साधा बिझनेस प्लॅन. घोड्यात शंभर रूबल अडकवलेले. चौलहून पाली, पालीहून उमरी असं करत तो जुन्नरला पोचला आणि पाऊस सुरू झाला. झालं! गडी दोन महिने अडकला.

आणि अडकला म्हणूनच त्याने लिहिलं. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असा चार महिन्यांचा पावसाळा. त्यातच लोक नांगरतात, पेरतात. घोड्यांना वाटाण्यासारखं कडधान्य घालतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी खायला देतात. नारळापासून दारू करतात. लोक उघड्या अंगाने फिरतात आणि हा रस्त्यावर निघाला की गोरा माणूस बघायला मागे गर्दी जमते. खानाकडे हत्ती आहेत, उत्तम घोडे आहेत, तरी तो फिरतो माणसांच्या खांद्यावरून. शहर म्हणे खडकावर आहे, देवानेच बांधल्यासारखं, आणि वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. चढायला एक दिवस लागतो म्हणतो. आम्ही शाळेच्या सहलीत तासाभरात वर असायचो, पण ते असो. पायऱ्या नव्हत्या त्याला.

मग खरी गोष्ट घडते. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन ख्रिस्ती आहे हे कळल्यावर म्हणाला, धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा मलाच भरायच्या. मुदत चार दिवस!

जरा विचार करा. घरापासून हजारो मैल लांब, सगळं भांडवल एका जनावरात अडकलेलं, आणि बाहेर आपल्याकडचा पाऊस कोसळतोय. ऐन वेळी एका खुरासानी माणसाने, महंमद नाव त्याचं, खानाकडे रदबदली केली. धर्म वाचला, घोडाही परत मिळाला. पुढे निकितिन बीदरला गेला आणि फिरत फिरत मायदेशी निघाला. पण त्वेरला काही पोचला नाही, वाटेत स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. मागे उरली ती वही. ती पुढे साडेतीनशे वर्षांनी करामझिन या रशियन इतिहासकाराला एका मठातल्या कागदपत्रांत सापडली.

दुसरा पाहुणा

दुसरा, जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. हा आला १६७५ मध्ये. आदल्याच वर्षी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला होता, पण जन्मस्थान शिवनेरी मात्र मुघलांकडे होतं आणि त्यांच्या हयातीत ते स्वराज्यात आलंच नाही. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नरची पेठ लुटली ती याच मुघलांची. म्हणजे फ्रायर आला तेव्हा जुन्नर म्हणजे सरहद्दीवरचं, धास्तावलेलं गाव.

मुघल सुभेदाराच्या घरातली एक बाई आजारी, म्हणून मुंबईहून हा डॉक्टर बोलावलेला. येताना वाट चुकून भलत्याच अवघड घाटाने वर आला, परतताना नाणेघाटाने उतरला. (आमच्याकडे ट्रेकला येणारे अजून असे चुकतात!)

जनान्यात त्याला पडद्याआडून एक हात दाखवला. त्याने नाडी बघितली आणि सांगितलं, ही बाई ठणठणीत आहे. घरातले खूश. कारण तो हात एका दासीचा होता, डॉक्टरची परीक्षा बघायला पुढे केलेला. मग खऱ्या आजारी बाईचा हात आला. फ्रायरचं पुस्तक लंडनला १६९८ मध्ये छापलं गेलं आणि जुन्नरच्या एका बंद घरातला तो क्षण असा पुस्तकात राहिला.

आणि गावकरी?

आता तुम्ही म्हणाल, दोन परक्यांनी लिहिलं, गावच्या लोकांनी काहीच नाही?

लिहिलं की. दगडावर लिहिलं. जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, खुद्द शिवनेरी. त्यात ब्राह्मी लिपीत कोरलेले प्राकृत लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने दोन टाकी दिली. बांबूकाम करणारे, कासार, यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं हे सगळं.

पण हे वाचून मला आमच्या प्रोजेक्टच्या कमिट लॉगची आठवण झाली. कोणी, काय, कोणासाठी केलं हे कळतं. त्या दिवशी ऑफिसात एसी बंद होता, दोघं भांडले होते आणि रात्री सगळ्यांनी वडापाव खाल्ला, हे नाही कळत. तो चिट जेवायला बसायचा तेव्हा पानात काय असायचं? ते कोरून ठेवावं असं कोणालाच वाटलं नाही, कारण ते रोजचंच होतं.

याहून मोठी गंमत म्हणजे जुन्नर हे कागदाचं गाव! 'जुन्नरी' कागद एकेकाळी नावाजलेला होता. कागदी समाजाचे कारागीर लगदा कुटून, चाळणीवर उचलून, ताव भिंतीला चिकटवून वाळवायचे, मग खळ लावून दगडाने घोटून गुळगुळीत करायचे. त्या कागदावर हिशेब लिहिले गेले, हुकूम लिहिले गेले, वतनाची भांडणं लिहिली गेली. पण पावसाळ्यात गाव कसं दिसतं हे लिहायला त्वेरचा माणूस यावा लागला.

तेव्हा मला वाटलं, हे असंच असणार. परक्यालाच गाव दिसतं, गावकऱ्याला नाही. मग त्या मित्रालाच हे सांगितलं, तर त्याने फेझचंच उदाहरण देऊन माझी थिअरी पाडली. लिओ आफ्रिकानस. जन्म ग्रनाडाचा, पण वाढला फेझमध्ये. १५१८ मध्ये समुद्रात चाच्यांनी पकडला आणि रोमला नेऊन थेट पोपला नजर केला. तिथे बसून त्याने इटालियन भाषेत आफ्रिकेचं वर्णन लिहिलं आणि त्यात फेझ असं लिहिलं की बस. हमामखाने, दवाखाने, पुस्तकांची दुकानं, कोणता बाजार कुठे भरतो ते सगळं. घरचाच माणूस होता, पण घरापासून तुटलेला. परत जाता येईल की नाही हे माहीत नसलेला.

म्हणजे गाव दोघांना दिसतं. एक, बाहेरून येऊन अडकलेल्याला. दुसरा, आतून बाहेर पडलेल्याला.

आता हिंजवडीत बसून हे वाक्य टाइप करताना दुसऱ्या प्रकारात कोण बसतं ते मला कळत होतं. मला कोणी चाच्यांनी धरून आणलेलं नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूनेच आणलं.

आईचा बाजार

तर मागच्या शनिवारी घरी गेलो. मंचर सोडलं, नारायणगावला चहा घेतला आणि जुन्नरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा डोक्यात हेच होतं. घरी आईला विचारायचं ठरवलं होतं, पण जुन्नरबद्दल नाही. आईचं माहेर आंबेगावचं.

आंबेगाव तालुका सगळ्यांना माहीत असतो. तालुक्याची कचेरी घोडेगावला. पण ज्या गावावरून तालुक्याचं नाव पडलं ते आंबेगाव आता नकाशावर शोधायला गेलात तर पाणीच दिसेल. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. त्या पाण्यावर खाली किती शेतं पिकतात हे आम्हाला माहीत आहे, आमचे नातेवाईकच ती पिकवतात. तक्रार कोणाबद्दल करायची? पण त्या आंबेगावात कोणी निकितिन अडकला नव्हता. फ्रायर आला नव्हता.

"आई, आंबेगावचा बाजार कसा होता गं?"

"कसा म्हणजे? बाजारासारखा बाजार." हेच पहिलं उत्तर आलं. मग पोळ्या लाटता लाटता हळूहळू सुरू झाली. डोंगरातल्या वाड्यांवरून लोक हिरड्याची पोती घेऊन यायचे. हिरड्याचा तो तुरट वास सगळ्या बाजारभर. घाटाखालून सुकट-बोंबील यायचे. पावसाळ्यात अंगावर इरली घेतलेल्या बायका वाकून वाकून यायच्या आणि इरली एकाला एक टेकवून ओळीने भिंतीशी उभी करायच्या. तेवढ्या बाजारापुरती ती भिंत हिरवी-तपकिरी दिसायची. ओल्या घोंगडीचा वास वेगळा. तिच्या आजोबांनी घेऊन दिलेल्या गुडदाणीची पुडी हातातच ओली व्हायची.

मी मोबाईलवर भराभर टाइप करत होतो. आई हसायला लागली. "हे काय लिहून घेतोस?"

"कोणत्या वारी भरायचा बाजार?"

"बुधवारी."

संध्याकाळी मामा आला. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "शुक्रवारी."

मग दोघांची जुंपली. आई म्हणते, बुधवारी शाळा लवकर सुटायची ती बाजारामुळेच. मामा म्हणतो, शुक्रवारी बाबा बाजारातून येताना घासलेट आणायचे, हे त्याला पक्कं आठवतंय. दोघंही तिथेच वाढलेले, दोघांनाही शंभर टक्के खात्री. आजी असती तर एका शब्दात निकाल लागला असता, पण ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. साडेपाचशे वर्षांपूर्वी जुन्नरचा घोडा काय खायचा हे मी तुम्हाला सांगू शकतो. माझ्या आईच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरायचा, हे नाही.

असो. मी वहीत दोन्ही वार लिहून ठेवलेत, बुधवार आणि शुक्रवार, पुढे ज्याने सांगितला त्याचं नाव. पुढच्या शनिवारी घोडेगावला आईची एक मैत्रीण राहते, तिच्याकडे जाणार आहोत. आई स्वतःहून म्हणाली, "मी पण येते."