अतिभक्षण विकार व गोडाची अनिवार ओढ

अतिभक्षण विकार : थोड्या अवधीत, साधारणतः दोन तासांच्या आत, तशाच परिस्थितीत इतर बहुतेक माणसे खातील त्याहून निःसंशय अधिक अन्न खाणे आणि खाताना आपल्याला थांबता येत नाही अशी हतबलता अनुभवणे, या दोन गोष्टी ज्यात पुनःपुन्हा एकत्र येतात असा मनोविकार. या दोहोंपैकी हतबलतेला अधिक महत्त्व आहे. कारण लग्नाच्या पंगतीत आग्रहाखातर चार जिलब्या जास्त खाणारा मनुष्य रोगी नव्हे, आणि उलटपक्षी, घर निजल्यावर एकटीने लाडवांचा डबा काढून, चवीकडे लक्ष नसताना, पोट दुखेपर्यंत खात राहणारी व्यक्ती सकाळी सर्वांच्या देखत अर्धीच पोळी खात असली तरी तिला उपचारांची गरज असू शकते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीनुसार असे प्रसंग आठवड्यातून किमान एकदा, याप्रमाणे तीन महिने घडलेले असावे लागतात. शिवाय भरभर खाणे, पोट तडस लागेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेने एकांतात खाणे आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधीपणा वाटणे, या पाचांपैकी तीन लक्षणे आढळावी लागतात. खाल्लेले वांती किंवा रेचकांच्या साह्याने वारंवार बाहेर टाकले जात असेल, तर तो निराळा विकार (बुलिमिया) मानला जातो. अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तेथील ३.५ टक्के स्त्रियांना व २ टक्के पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झालेला होता. तेव्हा हा केवळ स्त्रियांचा आजार होय, हा सार्वत्रिक समज सोडून द्यावयास हवा.

पूर्वपीठिका : अतोनात खाण्याची दखल भारतीय वैद्यकाने फार पूर्वी घेतली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीविकाराच्या विवेचनात अत्यग्नीचे वर्णन येते, आणि त्यावर जड, स्निग्ध, शीत व मधुर आहार सुचविलेला आहे. पुढे याच अवस्थेला भस्मक हे नाव रूढ झाले आणि त्याचेच ‘भस्म्या रोग’ हे लौकिक रूप मराठी घरांत आजही ऐकू येते. परंतु भस्मकात भूक खरी असते, खाल्लेले सारे जळून जाते आणि शरीर क्षीण होत जाते, असे ग्रंथकार सांगतात. प्रस्तुत विकारात भूक पुष्कळदा नसतेच, म्हणून दोहोंचे ऐक्य मानणे सयुक्तिक नाही. आधुनिक काळात अल्बर्ट स्टंकर्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९५९ साली स्थूल रुग्णांच्या खाण्याच्या पद्धतींविषयी लिहिताना या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन केले. त्यानंतर वीस वर्षांनी लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाचे वर्णन केले आणि संशोधकांचे लक्ष तिकडे वळले. १९९४ च्या निदानसंहितेत अतिभक्षण विकाराला केवळ परिशिष्टात, अधिक अभ्यासासाठी म्हणून, जागा मिळाली होती. २०१३ साली मात्र त्याला स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळाला. म्हणजे स्टंकर्ड यांच्या लेखापासून अधिकृत मान्यतेपर्यंत चोपन्न वर्षे गेली, आणि या काळात असंख्य रुग्णांना ‘हावरट’ या एका शब्दावर वाटेला लावण्यात आले.

उपासमार आणि अतिभक्षण : या विकाराची मीमांसा करताना ज्या एका प्रयोगाचा आधार वारंवार घ्यावा लागतो, तो मुळात या विकारासाठी योजलेलाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमारीने खंगलेल्या जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे ठरविण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये, सदसद्विवेकास स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांवर हा प्रयोग सुरू केला. पहिले बारा आठवडे त्यांना पुरेसा आहार मिळाला. पुढील चोवीस आठवडे तो दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर आणण्यात आला, आणि त्यात बटाटे, सलगमवर्गीय कंद, पाव व मॅकरोनी असे युद्धग्रस्त युरोपात मिळण्याजोगे पदार्थ ठेवण्यात आले. आठवड्याला बावीस मैल चालणेही सक्तीचे होते. या मुदतीत तरुणांचे वजन सरासरीने सुमारे एक चतुर्थांश घटले.

वजनापेक्षाही त्यांच्या वागणुकीत झालेला पालट अधिक उद्बोधक आहे. ज्यांनी स्वयंपाकाकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. समोरचे तुटपुंजे अन्न तासन्‌तास चिवडीत, त्यात पाणी मिसळून ते वाढवीत बसू लागले. काहींनी नियम मोडून बाहेर चोरून खाल्ले आणि मागाहून त्यांना अतिशय पश्चात्ताप झाला, तेव्हा कोणीही सोबत्यावाचून बाहेर पडू नये असा बंदोबस्त करावा लागला. आहार पुन्हा वाढविल्यावर, आणि विशेषतः निर्बंध उठल्यानंतर, काहींनी एका बैठकीत प्रचंड प्रमाणात अन्न खाल्ले आणि पोट तुडुंब भरले तरी भूक शमत नाही अशी तक्रार केली. हे तरुण शरीराने सुदृढ आणि मनाने खंबीर म्हणून निवडून घेतलेले होते, हे येथे विसरता कामा नये. १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या कीज यांच्या ग्रंथात हा सर्व तपशील आहे, आणि आहारनियंत्रणाचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा इतका तो मोलाचा आहे.

१९७५ साली पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनी याच धाग्याची दुसरी बाजू दाखविली. सदोदित आहारावर लगाम ठेवणाऱ्यांना चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम देण्यापूर्वी मिल्कशेक पाजले, तर लगाम नसणाऱ्यांप्रमाणे ते कमी न खाता उलट अधिक खातात, असे त्यांना आढळले. ‘आज नेम मोडलाच आहे, आता काय राहिले’ हा विचार त्यामागे असतो, असा या निष्कर्षाचा अर्थ लावला जातो. आनुवंशिकता, बालपणी वजनावरून झालेली चेष्टा, नैराश्य व चिंता यांचाही या विकारात वाटा असतो. पुष्कळ रुग्णांत पहिला अतिभक्षणाचा प्रसंग आहारनियमनाच्या आधी घडलेला असतो, असेही अभ्यासक सांगतात, तेव्हा उपासमार हे एकमेव कारण मानता येत नाही.

गोडाची ओढ : मधुर रसाची आवड उपजत आहे, नवजात अर्भकाच्या जिभेवर साखरपाणी ठेवताच त्याची मुद्रा प्रसन्न होते. या आवडीचे अनिवार ओढीत रूपांतर होण्यास पुढील गोष्टी साह्यभूत होतात : जेवणांतील दीर्घ अंतर, अपुरी झोप, मासिक पाळीपूर्वीचे दिवस आणि मनावरील ताण. झोपेसंबंधी शिकागो विद्यापीठात झालेला व २००४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग लहान, पण बोलका आहे. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले असता तृप्ती सुचविणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले, भूक चाळविणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि गोड व पिष्टमय पदार्थांची इच्छा विशेष बळावली.

साखर हे व्यसन आहे काय, हा वाद मिटलेला नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील बार्टली होबेल, निकोल अवेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून नंतर साखरपाणी दिले असता ते त्यावर तुटून पडत, आणि त्यांच्या मेंदूतील डोपामिनाच्या उत्सर्जनात व्यसनाधीनतेशी साम्य दिसे; परंतु ज्या उंदरांना साखर सदैव उपलब्ध होती त्यांत हा प्रकार तसा उद्‌भवला नाही. व्यसनवादी पहिल्या अर्ध्या वाक्यावर भर देतात. प्रस्तुत नोंदकाराला दुसरे अर्धे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. निदानसंहितेने साखरेच्या व्यसनाला अद्याप स्थान दिलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी असावी. ही दुसरी मर्यादा सर्वसाधारण प्रौढाला दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे, इतकी भरते. दोन-दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा घेणाऱ्याची ती मर्यादा इतर कोणताही गोड पदार्थ तोंडात न घालता ओलांडली जाते. मध आणि फळांचा काढलेला रस हेही या हिशेबात धरले जातात, आणि वरून घातलेल्या गुळालाही त्यातून सूट नाही.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास घाम, थरथर व घाबरेपणा यांसह गोड खाण्याची तातडी वाटू लागली, तर ती रक्तशर्करा घसरल्याची खूण असू शकते. अशा वेळी मन आवरीत न बसता ताबडतोब साखर घ्यावी.

उपचार : ऑक्सफर्ड येथील मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बुलिमियासाठी घडविलेली आणि पुढे या विकारालाही लागू केलेली बोधात्मक वर्तनोपचार पद्धती आज सर्वाधिक मान्य आहे. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीचा जो प्रसार केला, त्यामुळे ‘कृती चुकली म्हणून कर्ता नालायक ठरत नाही’ हा या उपचारांच्या मुळाशी असलेला विचार मराठी वाचकाला अपरिचित नाही. फेअरबर्न यांचे सामान्य रुग्णांसाठी लिहिलेले स्वयंसाहाय्याचे पुस्तक १९९५ साली निघाले, आणि २०१३ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली.

उपचाराचा आरंभ नोंदवहीने होतो. पानावर उभे रकाने आखून वेळ, खाल्लेले व प्यालेले पदार्थ, जागा, अति खाल्ल्यासारखे वाटल्यास फुलीची खूण आणि शेवटी शेरा, अशी नोंद खाल्ल्याबरोबर करावयाची असते. रात्री आठवून लिहिलेली वही कामाची नसते. नमुन्यादाखल असे एक पान पाहू : सकाळी आठ, चहा व दोन बिस्किटे, दुपारी एक, काकडी व ताक, शेरा ‘काल फार खाल्ले म्हणून’, सव्वाचार, कचेरीत अर्धा पेढा, फुली, शेरा ‘घ्यायला नको होता’, रात्री पावणेबारा, स्वयंपाकघर, उभ्याने, बेसनाचे सात लाडू, फरसाण, साखर लावून तीन पोळ्या, फुली. मोजले तर प्रत्यक्ष अतिभक्षण रात्रीचे एकच आहे. पण अर्ध्या पेढ्यापुढेही फुली पडलेली आहे, आणि रात्रीच्या प्रसंगाची तयारी दुपारच्या काकडीपासून चालू आहे. रुग्णाला आपल्या दुर्बल इच्छाशक्तीचा पुरावा म्हणून जी रात्र दिसत असते, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी अशी आठ-पंधरा पाने भरल्यावर पालटू लागते.

दुसरी पायरी नियमित खाण्याची. दिवसातून तीन जेवणे व दोन-तीन अल्पाहार यांच्या वेळा आगाऊ ठरवाव्यात, मध्ये चार तासांहून अधिक खंड पडू देऊ नये, आणि आदल्या रात्री कितीही खाल्ले असले तरी सकाळची न्याहारी टाळू नये. ही शेवटची अट रुग्णाला सर्वांत जड जाते, आणि सर्वांत अधिक गुण तिचाच येतो. प्रारंभी काय खावे याची चिकित्सा न करता केव्हा खावे एवढेच सांभाळावयाचे असते. घरातील सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या, किंवा तीन वाजेपर्यंत पोटात काही न जाणाऱ्या गृहिणीच्या बाबतीत या पायरीसाठी घरच्यांची संमती मिळवावी लागते, कारण तिच्या जेवणाची वेळ तिच्या एकटीच्या हातात नसते.

एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र या उपवासांचा प्रश्न येथे उपस्थित होतो. धार्मिक उपवास हा विकार उत्पन्न करतो असे म्हणण्यास आधार नाही, आणि श्रद्धेच्या विषयात वैद्याने फर्मान काढणे उचितही नाही; परंतु उपचार चालू असताना उपवास स्थगित ठेवावेत किंवा फराळ तरी ठरल्या वेळी घ्यावा, असे सुचविणे योग्य होय. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे म्हणणाऱ्यांनी उपाशी राहणे आणि अति खाणे यांतील नाते ओळखले होते. वजनासाठी दिवसातून दोनदाच जेवण्याची जी रीत अलीकडे लोकप्रिय झाली आहे, ती इतरांना मानवत असली तरी या रुग्णांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून स्वीकारू नये.

त्यानंतर ओढ येण्याच्या क्षणासाठी तजवीज करावयाची असते. ओढ चढते आणि न पुरविताही ओसरते, हा अनुभव व्यसनोपचाराच्या क्षेत्रात अ‍ॅलन मार्लॅट यांनी उपयोगात आणला. तेवढ्या वेळापुरती स्नान, फेरफटका, कोणाशी तरी बोलणे अशी खाण्याशी न जुळणारी कामे आधीच लिहून ठेवावीत. सरतेशेवटी मनाई केलेले पदार्थ पुन्हा आहारात आणले जातात : श्रीखंड वाटीत वाढून घेऊन, पाटावर किंवा टेबलाशी बसून, दुपारच्या जेवणात, उघडपणे. याउलट, साखर कायमची वर्ज्य करावी असे मानणारा एक पक्ष आहे, आणि त्या मार्गाने गुण आलेली माणसेही आहेत.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ साली प्रथम मार्गदर्शित स्वयंसाहाय्य, आणि चार आठवड्यांत ते लागू न पडल्यास दर आठवड्याला दीड तास याप्रमाणे सोळा गटबैठका, असा क्रम घालून दिला. या उपचारांनी अतिभक्षण थांबते, मात्र वजन फारसे उतरत नाही, ही गोष्ट रुग्णाला आरंभीच स्पष्ट सांगावी. अन्यथा वजनकाट्यावरील निराशेने तो पुन्हा उपाशी राहू लागतो.

औषधे : लिसडेक्सॲम्फेटामिन या औषधाला अमेरिकेत २०१५ साली मध्यम व तीव्र विकारासाठी मान्यता मिळाली, त्याची सवय लागण्याचा धोका असून ते वजन घटविण्यासाठी दिले जात नाही. केवळ औषधांवर विसंबू नये, असे ‘नाइस’चे मत आहे.

शस्त्रक्रिया : स्थूलतेसाठी जठरावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी या विकाराची चौकशी केली जाते.

कुटुंबीयांचे वर्तन : डबे कुलपात ठेवणे, ताटातील पोळ्या मोजणे आणि पाहुण्यांसमोर वजनाचा विषय काढणे, या तिन्ही गोष्टींनी चोरून खाणे वाढते. सोबत बसून वेळेवर जेवणे एवढे जरी घरच्यांनी केले तरी ते पुष्कळ होय. खाण्याबरोबर जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात दिवसगत करू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असून तो रात्रंदिवस चालू असतो.