पावकी, निमकी आणि काचेची पाटी

प्राथमिक गणित कोणत्या साधनाने शिकवावे, हा वाद आज वर्गातील पडद्यापाशी येऊन ठेपला असला, तरी तो नवा नव्हे. पंतोजीच्या शाळेत मूल धूळपाटीवर अंक गिरवी आणि एका सुरात पाढे म्हणे. त्यांत पूर्णांकांचे पाढे असतच. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीही असत.

आज आम्हांला हे निव्वळ घोकंपट्टीचे ओझे वाटते. पण त्या वेळचा बाजार पाहावा. इंग्रजी अमदानीत रुपयाचे आणे 16, पैसे 64, पया 192. आणि मणाचे शेर 40. सव्वा रुपया दराने सात शेर तूप घेणाऱ्यास ‘सात सव्वे पावणेनऊ’ एवढे आठवले, की आठ रुपये बारा आणे मोजून तो मोकळा! कागद नको, पाटी नको. पाढा हेच त्या काळचे गणकयंत्र होते; ते डोक्यात बसवावे लागे, इतकेच.

1822 साली मुंबईत शाळापुस्तक मंडळी निघाली, पुढे छापील अंकगणिते आली, धुळीच्या जागी दगडी पाटी आली. तरी पावकी हलली नाही. तिला हलवले ते कोणा शिक्षणशास्त्रज्ञाने नव्हे, नाण्याने. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर जाऊन किलो आला, आणि दिडकी-अडीचकीचे बाजारातले बहुतेक काम संपले. ऐंशी ओलांडलेल्या श्रोत्यांना तो गोंधळ आठवत असेल.

मात्र जुन्याचे गोडवे गाताना पंतोजीची छडी विसरून चालणार नाही. उंबरठ्याबाहेर राहिलेल्या मुली आणि अस्पृश्य ठरवलेल्यांची मुले तर नाहीच नाही. शिवाय घोळक्यात नुसते ओठ हलवणारे पोर कोणाच्या लक्षात येई? पडद्यावर ते तत्काळ उघडे पडते, आणि मारही बसत नाही. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा अनेकांना हीच वाट उरली. ज्या घरी फोन नव्हता, तेथे तीही नव्हती.

आमची तक्रार पडद्याबद्दल नाही, त्याच्या घाईबद्दल आहे. सात सव्वे म्हणणाऱ्या मुलाकडे कोणी सत्त्याऐंशी रुपये मागितले असते, तर ते हसले असते. आज दशांशचिन्ह एक घर सरकले, तर किती मुले हसतील? उत्तर उमटण्यापूर्वी मुलाने आपला अंदाज मोठ्याने सांगावा, एवढी सवय शिक्षकांनी उद्यापासून लावून पाहावी.