गाजर गवताच्या फोटोत हातमोजे का नव्हते?

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की आमच्या गावात एक बातमी ठरलेली असते. 'गाजर गवत निर्मूलन सप्ताह उत्साहात.' सोबत फोटो. पुढे पाहुणे, मध्ये शाळेची पोरं, कडेला सफाई कामगार आणि सगळ्यांच्या हातात उपटलेल्या गवताच्या जुड्या. ही बातमी मी स्वतः कितीतरी वेळा लिहिली आहे.

मागच्या पावसाळ्यात जुने अंक चाळताना असाच एक फोटो हाती लागला. नीट बघितलं तर एकाच्याही हातात हातमोजे नव्हते. फोटोखालची ओळ माझीच होती. आणि कडेला उभा असलेला तो सफाई कामगार आज भर उन्हाळ्यातही तोंडाला उपरणं गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. त्याचं नाव लिहीत नाही, गावातले लोक ओळखतील.

आधी त्याच्या पापण्या सुजायच्या. मग मान, कानामागची जागा, कोपराची खोबण आणि शर्टाच्या उघड्या गळ्यातून दिसणारी छाती, सगळीकडे खाज सुटली. खाजवून खाजवून कातडी काळी आणि जाड झाली. कुणी नायटा म्हणालं, कुणी रक्त बिघडलंय म्हणालं. काही जणांनी त्याच्या हातचा चहा घ्यायचं सोडलं. त्याने मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की चार दिवस बरं वाटायचं, सोडली की दुप्पट उठायचं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून रक्ताची महागडी अ‍ॅलर्जी टेस्ट केली. रिपोर्टात खाण्याच्या पदार्थांची लांबलचक यादी आली. बिचाऱ्याने वांगं सोडलं, दही सोडलं, शेंगदाणे सोडले. कामावर मात्र रोज जात होता आणि गवत रोज उपटत होता.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी एका त्वचारोगतज्ज्ञाने त्याच्या पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी परत बोलावलं. एका पट्टीखाली लालबुंद फोड होता. ती पट्टी गाजर गवताची होती.

हे ऐकल्यावर मी या गवताचा इतिहास शोधायला बसलो. म्हटलं, या आजाराचं कोडं तर आपल्याच पुण्यात पन्नास वर्षांपूर्वी सुटलंय, मग आमच्या गावातल्या माणसाला कारण कळायला सात वर्षं का लागावीत?

उकिरड्यावरचं रोपटं

गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी अशी याची नावं. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातलं. पुण्यात उकिरड्यावर तुरळक उगवलेलं हे झाड प्रा. परांजपे यांना १९५१ मध्ये दिसलं. १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद केली.

आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेली गोष्ट म्हणजे, अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून हे बी आलं आणि तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं म्हणून नाव काँग्रेस गवत. पांढरी फुलं गांधीटोपीसारखी दिसतात म्हणून हे नाव पडलं, असंही सांगतात. पण तारखा बघा. पीएल-४८० चा कायदा १९५४ चा आणि भारताशी झालेला करार १९५६ चा. १९५१ साली दिसलेलं रोप त्या गव्हातून कसं येईल? परदेशी धान्य त्याआधीही येत होतंच, त्यातून आलं असेल. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिसंग्रहांतही याचे नमुने असल्याचं नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं. म्हणजे हे झाड आलं कधी हा वाद चालू राहील. पसरलं मात्र स्वातंत्र्यानंतरच, रस्ते, कालवे, रेल्वे आणि पडीक जमिनीच्या कडेकडेने. एका झाडाला हजारो बिया येतात, आणि आपण मोकळी सोडलेली प्रत्येक जागा त्याला पुरते.

पुण्याच्या दवाखान्यातलं कोडं

साठच्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण येऊ लागले. चेहरा, पापण्या, मान, हात असा अंगाचा उघडा भागच बिघडलेला. प्रौढ पुरुष जास्त, उघड्यावर काम करणारे जास्त. त्रास पावसाळ्याच्या सुमारास वाढायचा आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी राहायला गेला की कमी व्हायचा. आजार उघड्या अंगालाच होतो आणि जागा बदलली की उतरतो, म्हणजे कारण हवेत आणि परिसरात असणार. इथे संशय गवतावर गेला.

संशय सिद्ध करायला जी पद्धत वापरली तीही जुनीच. योझेफ यादासोन या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये पाऱ्याचं औषध लावून अंग उठलेल्या रुग्णाच्या निरोगी कातडीवर तेच औषध थोडंसं लावून बघितलं. तिथेही कातडी उठली. हीच पॅच टेस्टची सुरुवात. तेव्हा 'अ‍ॅलर्जी' हा शब्दसुद्धा नव्हता. तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये दिला.

पुण्याचे डॉ. लोणकर, कॅनडातले डॉ. मिचेल आणि लंडनचे डॉ. कॅलनन यांचा गाजर गवताच्या त्वचारोगावरचा लेख १९७४ मध्ये लंडनच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलच्या त्वचारोग नियतकालिकात आला. आपल्या पुण्यातले रुग्ण त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांना माहीत झाले. या गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. पानाखोडावरच्या बारीक केसांमध्ये ते साठतं, गवत वाळलं की ते केस मोडून धुळीबरोबर उडतात. म्हणून गवताला हातही न लावलेल्या माणसाचा चेहरा उठू शकतो.

मग बंगळूरच्या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं. तिथे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या गवताशी वारंवार संबंध येणाऱ्या लोकांपैकी ४ टक्के लोकांना त्वचारोग झालेला आढळला. आणखी ५६ टक्के लोकांचं शरीर गवताला संवेदनशील झालेलं होतं, फक्त अंगावर काही दिसत नव्हतं. हा दुसरा आकडा मला जास्त घाबरवतो. आपल्या फोटोतली पोरं हसत असतात म्हणजे त्यांना काही झालेलं नाही, असं आपण धरून चालतो.

मग रक्ताच्या तपासणीत का दिसलं नाही?

याचं उत्तरही इतिहासातच आहे. कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ मध्ये गिनिपिगवर प्रयोग केले. संपर्काने होणारी अ‍ॅलर्जी एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते, पण ती रक्तातल्या द्रवातून जात नाही, पेशींतून जाते, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या बाजूला १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी रक्तातलं एक प्रतिपिंड शोधलं. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं. शिंका, पित्त उठणं, शेंगदाणे खाल्ल्यावर मिनिटांत घसा सुजणं, ही आयजीईची कामं.

म्हणजे अ‍ॅलर्जीची घराणी दोन. एक मिनिटांत उठणारं, त्याची खूण रक्तात किंवा सुईच्या चाचणीत सापडते. दुसरं दोन-तीन दिवसांनी उठणारं, ते पेशींच्या हातात असतं आणि त्यासाठी पाठीवरची पट्टीच लागते. गाजर गवताचा त्वचारोग मुख्यतः दुसऱ्या घराण्यातला. आमच्या गावातल्या माणसाने पैसे मोजून जी तपासणी केली ती पहिल्या घराण्याची होती. त्यातही, रिपोर्टात एखाद्या पदार्थासमोर खूण आली म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. आधी रुग्णाची हकिकत, मग तिला जुळणारी चाचणी, असा क्रम असतो. आपल्याकडे तो उलटा झालाय. आधी पॅकेज, मग आजार.

पॅच टेस्टला फार मोठं यंत्रही लागत नाही. पट्टी, ठरावीक मात्रेचा अर्क आणि जाणता डॉक्टर. पट्टी ४८ तासांनी काढतात, दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. भारतातल्या चाचणीसंचात पार्थेनियमचा समावेश आहे. अडचण एकच, रोजंदारीवरच्या माणसाला तीन खेपा घालाव्या लागतात, आणि तालुक्याच्या गावात ही सोय बहुधा नसते.

ट्यूबच्या पलीकडे

उपचाराचा इतिहासही आपल्याच देशात घडलाय. सुरुवातीला स्टेरॉइड हाच आधार होता. गुण पटकन, पण वर्षानुवर्षं घेतलं तर साखर, रक्तदाब, हाडं, सगळ्यावर परिणाम. म्हणून चंदीगडच्या पीजीआय आणि दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी अ‍ॅझाथायोप्रिन वापरून बघितलं. हे औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून १९५७ मध्ये तयार झालं. दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाच्या शरीराने ते नाकारू नये म्हणून ते वापरत. दिल्लीच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट करून अ‍ॅझाथायोप्रिन आणि बीटामेथासोन या स्टेरॉइडची तुलना केली. २००८ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांना गुण आला, पण स्टेरॉइडच्या गटात दुष्परिणाम आणि उलटून येण्याचं प्रमाण जास्त होतं. अलीकडे इतर औषधांना न जुमानणाऱ्या काही रुग्णांवर टोफासिटिनिबसारखी नवी औषधंही वापरली गेली आहेत. त्यांचे मोठे, दीर्घकाळचे अभ्यास अजून व्हायचे आहेत.

डोस मुद्दाम लिहीत नाही. पोस्ट वाचून मेडिकलमधून गोळ्या आणणारे आपल्याकडे कमी नाहीत. अ‍ॅझाथायोप्रिनने रक्तपेशी घटू शकतात, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं. ट्यूबचंही तेच. अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा निर्णय केंद्र सरकारने २०१८ मध्ये घेतला. कागदावर तो आहे. दुकानात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

गवताचं काय झालं?

कर्नाटकाने १९७५ मध्येच याला कायद्याने उपद्रवी तण ठरवलं. १९८४ मध्ये बंगळूर परिसरात मेक्सिकन भुंगे सोडले, ते याची पानं खातात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेच भुंगे सूर्यफुलावर दिसले आणि गदारोळ झाला, चौकशी समिती नेमावी लागली. आज ते भुंगे आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतात. काही ठिकाणी टाकळा पेरून गवताला दाबायचा प्रयत्न झाला. गवत कमी झालं, वाढलं, पुन्हा आलं. ते समूळ जाणार नाही, हे आता धरूनच चालायला हवं.

आणि म्हणूनच मुद्दा माणसांचा आहे. हे गवत उपटतं कोण? कंत्राटावरचा सफाई कामगार, खुरपणीला जाणारी बाई, आणि वर्षातून एकदा फोटोपुरती शाळेतली पोरं. ज्यांच्या अंगाला धोका जास्त, त्यांच्याच अंगावर काही नसतं.

नगरपालिका, ग्रामपंचायत आणि शाळांपुढे माझं साधं मागणं आहे. या कामाला पोरांना लावू नका. कामगाराला हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडकं द्या, तेही सप्ताहापुरतं नको, बारा महिने. गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट काढा. वाळून धूळ उडायची वाट बघू नका. ज्याची कातडी उठते त्याला दुसरं काम द्या, त्याची मजुरी कापू नका. आणि जिल्हा रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी पॅच टेस्ट व्हावी, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींना विचारा.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असा चेहरा आणि मान उठणारा माणूस असेल, तर त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि तो काम कुठे करतो हे डॉक्टरला आवर्जून सांगा. शेवंतीच्या हारांनीही त्याला त्रास होतो का, तेही सांगा. या गवताच्या रुग्णांना त्याच कुळातल्या शेवंतीचा आणि सूर्यफुलाचाही त्रास होऊ शकतो. हा आजार संसर्गाचा नाही. त्याच्या हातचा चहा घ्या.

तो कामगार आता औषधावर आहे. कातडी बरीच मऊ पडली आहे. त्याला गवतावरून काढून पाणीपुरवठ्याच्या कामावर घेतलंय, तेही बऱ्याच खेपा घातल्यावर. परवा भेटला तेव्हा मी त्याला तो जुना फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तवा कुणी सांगितलंच नाही ना, दादा."

खरं आहे. सांगायचं काम माझं होतं. येत्या ऑगस्टमध्ये मी फोटो काढायला जाईन तेव्हा आधी हात बघेन. हातमोजे नसतील तर बातमी तीच होईल.