होनोलुलू, एकवीस तास

ऑक्टोबर 1936. सॅन फ्रान्सिस्कोसमोर अलामेडाच्या धक्क्यावर तुम्ही वजनकाट्यावर उभे आहात. सामान मोजून झालं, आता तुमची पाळी. लाजू नका, इथे सगळ्यांचंच वजन करतात. होनोलुलू सुमारे 3,850 किलोमीटर आणि मध्ये टेकायला खडकसुद्धा नाही. मनिलापर्यंतच्या साऱ्या टप्प्यांत हाच सर्वांत लांब. म्हणून पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘हवाई क्लिपर’ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानात जागा असूनही माणसं मोजकीच घेतात, बाकी सगळं पेट्रोल.

होनोलुलूला आगबोटीने गेला असतात तर पाचेक दिवस लागले असते. तुम्हाला घाई. मनिलापर्यंतचं भाडं 799 डॉलर, त्यात नवी फोर्ड मोटार घेऊन वर पैसे उरले असते.

घंटा वाजते, तुम्ही आत शिरता. दुपारचे तीन. चारही इंजिनं गर्जतात, पाणी खिडकीवर आपटतं आणि बराच वेळ वाटत राहतं की हे धूड उठणारच नाही. गेल्या नोव्हेंबरात ‘चायना क्लिपर’ टपालाच्या ओझ्याने इतकं खाली राहिलं होतं, की वैमानिकाने ते बांधकाम चाललेल्या बे ब्रिजच्या तारांखालून काढलं. तुम्ही मात्र उठता. गोल्डन गेटचा पूल मागे पडतो. त्यावरून वाहतूक सुरू व्हायला अजून काही महिने आहेत. त्यानंतर फक्त पाणी.

रात्री झोप लागत नाही. इंजिनांचा आवाज दातांत भरलाय. पुढे नॅव्हिगेटर सेक्स्टंट घेऊन ताऱ्यांची उंची मोजतोय. वारा विमानाला किती बाजूला ढकलतोय, हे पाहायला तो पाण्यावर पेटता फ्लेअर टाकतो. दिशा एका अंशाने चुकली आणि कुणी सुधारली नाही, तर शेवटी बेट जवळजवळ 67 किलोमीटर बाजूला राहील. बेट शोधत घिरट्या घालायला पेट्रोल कुठून आणणार? 1925 मध्ये नौदलाच्या कमांडर जॉन रॉजर्सचं पेट्रोल वाटेतच संपलं. विमान पाण्यावर उतरवून त्याने पंखांचं कापड फाडून शिडं केली आणि विमान नावेसारखं हाकत कवाई बेटाजवळ नेलं. एवढं सगळं करायला नऊ-दहा दिवस लागले. खरं तर या प्रवासातला अस्सल दर्यावर्दी तोच.

तुमच्या विमानात रेडिओ आहे. पॅन अमेरिकनच्या किनाऱ्यावरच्या केंद्रांतून विमानाची दिशा कळवतात. मध्यरात्रीनंतर कधीतरी तो क्षण येतो: आता मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळचं. प्रवाशांना कुणी सांगत नाही. आकडा वैमानिकाच्या कागदावर असतो आणि तो मैलांत नसतो. विमानाचा वेग आणि समोरचा वारा यांतून काढलेला असतो. वारा बदलला की तो क्षणही पुढेमागे सरकतो.

सकाळी डायमंड हेडचा डोंगर दिसतो. तुमच्या घड्याळात दुपारचे बारा, पर्ल हार्बरला साडेनऊ. तेव्हाची हवाईची वेळ कॅलिफोर्नियाच्या अडीच तास मागे. गळ्यात फुलांचा हार पडतो. पलीकडे मनिलाच्या प्रवाशांना मिडवे, वेक, ग्वाम अजून बाकी.

आता 2020च्या दशकात या. तोच मार्ग साडेपाच तासांचा. परतताना पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर त्याहून कमी. तुम्ही सिनेमा बघताय. कॉकपिटमध्ये मात्र दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तर कुठून मागे फिरायचं आणि कुठून पुढे जायचं, हा हिशेब उड्डाणाआधीच लिहून ठेवलेला आहे.