मुद्दाम राखलेला दोष

भिंगांचा पाठ घेताना गोलीय विपथनाची ओळख आपण दोष म्हणूनच करून देतो. कडेचे किरण मधल्या किरणांच्या अलीकडे एकत्र येतात, म्हणून प्रतिमा अस्पष्ट होते. आकृती काढली की विषय संपला. पण छायाचित्रणाच्या इतिहासात एक काळ असा होता, की हाच दोष भिंगात मुद्दाम ठेवला जाई.

या कथेत पहिले नाव येते ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांचे. त्यांचा जन्म १८१५ मध्ये कलकत्त्याला झाला. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांना लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. ओल्या कलोडियनच्या काचा, मोठे भिंग आणि मिनिटामिनिटांचे प्रकाशन! समोरचा माणूस तेवढा वेळ निश्चल कसा राहणार? व्यावसायिक मंडळींनी त्यांच्या धूसर चित्रांवर सडकून टीका केली. अचूक नाभी म्हणजे काय आणि ती ठरवायची कोणी, हा वाद कॅमेरनबाईंनी थेट सर जॉन हर्शेल यांना पत्र लिहून मांडला. १८६७ मध्ये त्यांनी काढलेले हर्शेल यांचे चित्र आज जगप्रसिद्ध आहे.

मात्र या धूसरपणाला सरसकट एकच नाव देणे आम्हाला पटत नाही. माणूस हलल्यामुळे आलेला, नाभी चुकल्यामुळे आलेला आणि विपथनामुळे आलेला असे हे तीन वेगळे प्रकार आहेत. आमच्या मते कॅमेरनबाईंच्या चित्रांत पहिल्या दोघांचाच वाटा मोठा. नाभी चुकली, की प्रत्येक बिंदूची सपाट चकती होते. गोलीय विपथनात मात्र मधले किरण रेखीव बिंदू उमटवतात आणि कडेचे किरण त्याभोवती फिकट वलय पसरतात. डोळ्यांची कड रेखीव राहते आणि तिच्यावर उजेडाची साय आल्यासारखी दिसते.

हा तिसरा प्रकार छायाचित्रकाराच्या हाती दिला तो डालमायर यांनी. १८६६ च्या त्यांच्या व्यक्तिचित्र-भिंगाचा मागचा भाग थोडा सैल फिरवला, की विपथन हवे तेवढे वाढे. पुढे बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथ कंपनीने अर्धवट दुरुस्त केलेली भिंगे खास याच कामासाठी बनवली. सर्वांत गमतीचे भिंग म्हणजे जर्मनीतील रोडेनस्टॉकचे 'इमॅगॉन'. ते हाइनरिख क्यून या छायाचित्रकाराच्या आग्रहातून १९३० च्या सुमारास साकारले. त्याची झडप चाळणीसारखी असते. मधल्या मोठ्या भोकातून रेखीव प्रतिमा येते, भोवतीच्या बारीक भोकांतून वलय. बारीक भोके फिरवून झाकता येतात!

अशी जुनी भिंगे मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यांवर आजही वापरली जातात. ८ × १० इंचांच्या निगेटिव्हवरून त्याच आकाराची प्रत थेट छापता येते, त्यामुळे वलयाच्या नाजूक छटा फिल्मच्या कणीदारपणात हरवत नाहीत. वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. या विपथनामुळे पडणाऱ्या ठिपक्याची रुंदी छिद्राच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. एफ/४ वरून एफ/८ वर गेलो, की व्यास निम्मा आणि ठिपका आठव्या हिश्श्याचा; मृदुपणा जवळजवळ नाहीसाच होतो. दुसरे असे, की छिद्र लहान करताना उत्तम प्रतिमेची जागाही सरकते. म्हणून ज्या छिद्राने चित्र घ्यायचे, त्याच छिद्रावर दुधी काचेवर नाभी जुळवावी.

हे सरकणे वर्गातही दाखवता येते. जाड, रुंद बहिर्वक्र भिंग घ्यावे. लांब ठेवलेल्या मेणबत्तीची प्रतिमा एकदा मधोमध काळ्या कागदाची टिकली चिकटवून आणि एकदा फक्त कडा झाकून पडद्यावर घ्यावी. दोन्ही वेळचे पडद्याचे अंतर मोजले, तर टिकली असताना ते कमी भरते.

१९३२ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स प्रभृतींनी मृदू चित्रांविरुद्ध आघाडी उघडली. आपल्या गटाला त्यांनी नाव दिले 'एफ/६४', म्हणजे त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांवरचे अगदी बारीक छिद्र. यातल्या वेस्टन यांनी सुरुवातीच्या काळात स्वतःच्या स्टुडिओत मृदू भिंगेच वापरली होती.