मुंबईच्या नावाचा रक्तगट

जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने पनवेल सोडून खोपोलीकडे निघाले की वाटेत लोधिवली लागते. रस्त्यालगत मोठे रुग्णालय असलेले हे गाव. अशा ठिकाणी रक्तगट हा पुस्तकी विषय राहत नाही. जखमीचा गट तपासण्याइतकाही वेळ नसेल, तर ‘ओ’ गटाचे रक्त चढवावे, कारण ते सर्वांना चालते, असा जगभरचा संकेत आहे. त्याला अपवाद आहे, आणि तो उजेडात आला येथून काही तासांच्या वाटेवर, परळला.

१९५२ साली सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये तीन व्यक्तींच्या रक्ताची नोंद प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसे; परंतु त्याच्या रक्तद्रवात ‘ओ’ गटाच्या पेशीही गोळा होत. म्हणजे ज्याला आपण सार्वत्रिक दाता म्हणतो, त्याचेच रक्त या माणसांना घातक होते.

कारण जनुकात होते. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा तांबड्या पेशींवर थेट उमटत नाहीत. आधी ‘एच’ नावाचा साखरेचा पाया लागतो. ‘ओ’ गटात फक्त हा पाया असतो. आई आणि वडील या दोघांकडूनही ‘एच’चे निकामी जनुक आले, तर पायाच घडत नाही. मग ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक शाबूत असले तरी त्याचे काम दिसत नाही. (रक्तगटावरून पितृत्वाचा निवाडा करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.) शरीर मात्र ‘एच’ला परका समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे बाळगते.

गोष्ट येथेच संपत नाही. रक्त गोठताना बिंबाणूंना जखमेशी चिकटवणाऱ्या फॉन विलेब्रांड घटकावरही याच साखरा जडलेल्या असतात. ‘ओ’ गटाच्या लोकांत हा घटक इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी असतो. त्यांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोकाही तुलनेने कमी आढळतो. ‘एच’च नसलेल्यांत त्याचे प्रमाण आणखी उतरते. रक्तगट केवळ रक्तपेढीतील चिठ्ठीपुरता नसतो, तो असा.

भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक, असा या गटाचा अंदाज दिला जातो. ओळख पटवण्याची युक्ती जुनीच आहे: रुग्णाच्या पेशींबरोबर त्याचा रक्तद्रवही ‘ओ’ पेशींशी ताडून पाहायचा. निदान झाले की शोध घरातूनच सुरू होतो, कारण सख्ख्या भावंडात हाच गट असण्याची शक्यता किमान चारांत एक असते. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. रक्तपेढ्यांच्या नोंदीत मात्र हा गट अजूनही ‘बॉम्बे’च आहे.